सम्राटाचा हुकूम

वेटरने अण्णांच्या अंगावर पिवळा रेशमी झगा चढवून त्यांना ड्रॅगनच्या सिंहासनावर बसवलं. ज्याचा वाढदिवस तो सम्राट आणि त्याचा एक हुकूम सगळ्यांनी पाळायचा, अशी या चिनी हॉटेलची रीत होती.

"आजोबा, नूडल्सच्या आधी आईस्क्रीम, असा हुकूम सोडा!" नात म्हणाली.

अण्णा मात्र मुलीकडे बघत होते. बावीस वर्षांपूर्वी "गाणंबिणं पुरे" म्हणून त्यांनी तिचा तानपुरा परस्पर देऊन टाकला होता.

"वृषाली, एक गाणं म्हण," ते हळूच म्हणाले.

तिने उभं राहून सूर लावला, पण तो चिरकला. ती खाली बसली आणि त्यांच्या वाडग्यात सूप वाढू लागली.

"नाही जमत, अण्णा. तुमचा पहिला हुकूम फार नीट पाळला मी."