तेविसाव्याचा प्लग

पाणी-तपासणी प्रयोगशाळेत तेवीस संगणक होते. रोज संध्याकाळी सहाला मुख्यालयाने दुरून हाक दिली की बंद असलेले बावीस ओ देत. खिडकीजवळचा तेविसावा गप्प राही. तो दुरुस्त करायला वैदेही नाफडे आली होती.

कारण पाच मिनिटांत सापडलं. संगणक बंद केला तरी देखरेखीची चिप जागी राहते. तिला फक्त वीज आणि नेटवर्कची केबल लागते. त्याच वाटेने मुख्यालय आत शिरून दिवसभराचे आकडे ‘सुधारत’ असे. इथे मात्र घरी निघताना कुणीतरी भिंतीतला प्लगच काढत होतं.

“मीच काढते,” सहायक इंदूताई म्हणाल्या. “आमच्याकडे विजा फार पडतात. टीव्हीचाही काढतो.”

“जानेवारीत?”

“सवय म्हणजे सवय, बाई.”

“यावर काय तपासता?”

“करंजखेडच्या शाळेची विहीर. पोरं तेच पाणी पितात. गेल्या महिन्यात दुसऱ्या संगणकावर तपासलं, तर सकाळपर्यंत शुद्ध झालं होतं.”

वैदेहीने आजच्या अहवालाच्या दोन प्रती छापल्या. मग स्वतःच प्लग काढला.

सहा वाजून एक मिनिटाने मुख्यालयातल्या साहेबांचा फोन आला. “दोष सापडला?”

“सापडला. प्लग काढलेला आहे.”

“मग लावा.”

“नाही लावणार, सर. इथे विजा फार पडतात.”

साडेसहाला इंदूताईंनी शाळेच्या फाटकावर अहवाल चिकटवला. शिसे : लिटरला ०.०८७ मिलिग्रॅम. मर्यादा : ०.०१.