चार दाणे

गोजराबाई सोसायटीच्या हॉलात शिरल्या तशी जुईलीनं गाणं बंद केलं. गोजराबाईंच्या मागं गावातल्या बाया होत्या आणि सून नम्रता. नारळ, खण नि तांदळाचं ताट धरून ती मान खाली घालून उभी होती. गेल्या आठवड्यापर्यंत हीच नम्रता इथं पहिल्या रांगेत नाचायची.

जुईलीनं फ्यूजन बेली डान्सचा क्लास काढला नि भुकूम गावात कावकाव सुरू झाली. पोट हलवायचं कसलं आलंय शिक्षण, म्हणे! सोसायटीची कमिटी तर शेपूट घालूनच बसली. गावच्या बाया हो म्हणतील तर क्लास, नाहीतर हॉलला कुलूप, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं.

जुईलीला हे नवं नव्हतं. बंगळूरला शिकत असताना तिनं या नाचात लावणीचा ठसका घातला, तर बाईंनी क्लासमधून काढलं. गोव्याच्या हॉटेलात नाचली, तर सासरी अबोला. पुण्यातला पहिला क्लास शेजाऱ्यांनी बंद पाडला. दर वेळी ती निमूट निघाली होती. त्या निमूटपणाचाच आता तिला संताप येत होता.

"ह्यो नाच आमच्या गावात नको," गोजराबाई म्हणाल्या. "पर सवाष्ण बाई रिकामी घालवायची रीत न्हाई. वटी भरते, आन् जा तू."

ओटी घ्यायला पदर लागतो. जुईलीच्या अंगात कुर्ता, अन् कमरेला नाचायचा तो नाणी लावलेला रुमाल. तिनं तोच सोडला आणि पुढं पसरला. नाणी छमछमली. गोजराबाईंचं तोंड कडू झालं, पण चारचौघींत मागं कसं हटायचं? ज्या रुमालाला महिनाभर शिव्या घातल्या, त्यातच त्यांनी आपल्या हातानं खण, नारळ नि ओंजळभर तांदूळ घातले.

मग सगळ्या थांबल्या. ओटी घेणारीनं त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे, म्हणजे देणारीचं घर भरलेलं राहतं. नम्रतानं ताट पुढं केलं. जुईलीनं रुमालाची गाठ मारली.

"दाणं टाक की गं," गोजराबाई म्हणाल्या. मघाची जरब आता आवाजात नव्हती. घरची बरकत गाठीत बांधून घेतलेल्या बाईला घालवायची कुणाची छाती होती?

"निघताना टाकीन की, मावशी," जुईली म्हणाली. "आत्ता क्लासची वेळ झालीय."

तिनं गाठोडं खिडकीत ठेवलं आणि गाणं लावलं. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. नम्रतानं मात्र रिकामं ताट सासूच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.