मनगटापुढचा हात

"पुन्हा मनगटच," सासूबाई म्हणाल्या.

पडद्यावर मजकुराच्या दोन ओळींमध्ये एक चिंचोळी पट्टी दिसत होती. पट्टीत नुसतं मनगट. वरचा तळवा नाही, बोटं नाहीत. बाराही चित्रांची तीच गत.

चित्रं सुनेची होती. अर्धांगाच्या झटक्याने हात लुळा पडलेल्या रुग्णांनी घरी करायचे बारा व्यायाम. मजकूर सासूबाईंचा. कचेरीत तीस वर्षं टाइपरायटर चालवलेल्या बाई. त्यांच्या दोन ओळींतलं अंतर कुणीही पट्टी लावून मोजावं.

फोनवर इस्पितळातल्या सिस्टर होत्या. "अकराला छापखान्याचा माणूस येतोय. चित्रं राहू देत का? नुसता मजकूर देते."

"ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं, सिस्टर?" सून हळू आवाजात म्हणाली. "अकराला सगळं पाठवते. चित्रांसकट."

तिने फोन ठेवला. साडेदहा झाले होते.

"शब्द देऊन मोकळी झालीस! तुझं ते व्हेक्टर का फेक्टर, कितीही ताणलं तरी फाटत नाही म्हणे. इथे डोकंच उडालंय."

"चित्र पूर्ण आहे, आई."

"मग माझे डोळे खोटं बोलतात का?"

सुनेने कोरी फाइल उघडली आणि तेच चित्र तिच्यात टाकलं. पाची बोटं ताठ उभी राहिली.

ती पुन्हा सासूबाईंच्या फायलीत आली. चित्राच्या शेजारी तिने 'हात' असा शब्द टाइप केला आणि अक्षरं मोठी मोठी करत नेली. अक्षरं फुगली, पण वरची रेघ दिसेनाशी झाली.

सासूबाई पुढे झुकल्या. "अगं, अक्षरांचंही डोकं गेलं की!"

"ओळींतलं अंतर बांधून टाकलंय का तुम्ही?"

"टाकणारच. अठरा पॉइंट. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ओळ हललेली मला खपत नाही."

"चित्रही ओळीतच बसलंय, आई. त्याच्याही वाट्याला अठराच आले. बाकीचं झाकलं गेलं."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"माझ्या ओळी विस्कटतील?"

"एकही नाही. फक्त चित्राची ओळ मोकळी करायची. चित्रावर क्लिक करा, मग कंट्रोल दाबून एकचा आकडा."

"सरक. फाइल माझी आहे, मीच करते."

कळ दाबली तशी पट्टी वर सरकली. मनगटावर तळवा आला, तळव्यावर अंगठा, मग एकेक बोट. सासूबाई पुढच्या चित्राकडे गेल्याच नाहीत. चित्रातल्या हाताची करंगळी शेवटच्या पेरात आत वळलेली होती. त्यांनी आपला डावा हात कळफलकावरून उचलला आणि पडद्याशेजारी धरला.

"तरीच म्हटलं, वाटाणे सोलताना ही माझ्या हातांकडे काय बघत बसते."

सून जराशी लाजली. "करंगळी सरळ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"खबरदार हात लावशील तर," सासूबाई म्हणाल्या. आणि त्याच वाकड्या करंगळीने कंट्रोल दाबून धरत त्यांनी दुसरं चित्र मोकळं केलं.