मागच्या सीटवर

नवरा गेल्यापासून आठ महिने शरयूताई रोज सकाळी त्याची स्कूटर पाच मिनिटं चालू ठेवत. त्या दिवशी ती सुरूच होईना. त्यांनी ती ढकलत दस्तगीरच्या गॅरेजमध्ये नेली.

त्याने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. म्हणाला, "वहिनी, जागेवर चालू ठेवून भागत नाही. गाडी फिरायला पाहिजे."

"मला येते चालवायला," त्या म्हणाल्या. "कधी वेळच आली नाही."

दस्तगीरने स्कूटर सुरू करून रस्त्यावर आणली आणि हँडल धरून उभा राहिला. शरयूताई सवयीने मागे बसल्या, पदर सावरला आणि थांबल्या.

बऱ्याच वेळाने त्या पुढे सरकल्या. रडू आलं नाही.

"ब्रेक जरा कडक आहे," एवढंच म्हणून त्या निघाल्या.