एका कार्डावर एक जोडी

"निम्म्या किमतीत? मी बूट विकायला बसलोय की वाटायला?" खेळाच्या सामानाच्या दुकानाचे मालक म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

चिमणीची आई हलली नाही. या दुकानाचे उंबरठे तिने इतके झिजवले होते की आता नोकरही तिला 'काय हवं' असं विचारत नसे.

चिमणी तिची मुलगी. मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. नाव चिमणी, पण दारातून येताना वाकावं लागायचं. यंदा संघाला मोठ्या स्पर्धेला जायचं होतं. प्रवेश फी आणि बसचं भाडं कुठून आणायचं, यावर संघाच्या सरांनी सवलत कार्डाची युक्ती काढली. दुकानांनी कार्डवाल्याला सूट द्यायची, लोकांनी त्या सवलतीपायी कार्ड विकत घ्यायचं, आणि आलेला पैसा संघाला. युक्ती सरांची, चपला आईच्या. बाकीच्या पालकांनी ग्रुपवर अंगठे पाठवले आणि प्रत्यक्षातही अंगठाच दाखवला.

दुकानदार तर एकापेक्षा एक. बेकरीवाल्या बाईंनी सूट दिली, ती कालच्या पावावर. सलूनवाल्याने घसघशीत दिली, पण फक्त मंगळवारी, आणि मंगळवारी त्याचं दुकान बंद. चष्मेवाला म्हणाला, "तिसऱ्या चष्म्यावर देतो." असलं कार्ड कोण कुत्रं विकत घेणार होतं? एक तरी सवलत खणखणीत हवी होती.

"काका, ते वरच्या फळीवरचे नारिंगी बूट गेल्या वर्षीपासून धूळ खातायत. त्यांच्यावर तरी द्या."

"बरी नजर आहे तुमची."

"रोज येते. दिसणारच. अहो, पोरींसाठी मागतेय. पैसे नाहीत म्हणून मुलींनी घरी बसायचं का? मुलींनी खेळलं पाहिजे की नको?"

हे वाक्य तिने गावभर इतक्यांदा म्हटलं होतं की तिचं तिलाच ते पाठ केल्यासारखं वाटायला लागलं होतं. मालकांनी सुस्कारा सोडला.

"घ्या निम्म्यात. पण एका कार्डावर एकच जोडी. नाहीतर एक कार्ड घेऊन अख्खा गाव येईल."

"मान्य."

"आणि तुम्ही परत यायचं नाही."

"तेही मान्य."

त्याच संध्याकाळी सर आनंदाची बातमी घेऊन घरी आले. पहिला सामना कालव्यापलीकडच्या शाळेशी होता.

"यात आनंद कसला?" आई म्हणाली. "त्या पोरींनी गेल्या वर्षी आमच्या चिमणीला सात गोल चारले."

"तेच तर! यंदा त्या येतच नाहीयेत. पैशांची अडचण आहे म्हणे. आपल्याला पुढे चाल, म्हणजे थेट दुसरी फेरी. आणि निवड समिती दुसऱ्या फेरीपासूनच बघायला बसते."

चिमणीने जेवता जेवता मान वर केली. वयोगटात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. निवड समितीने एकदा तिला पाहावं, एवढंच ती दोन वर्षं म्हणत होती.

"आता फक्त कार्डं खपली पाहिजेत," सर चहा संपवून म्हणाले आणि गेले. खपवणार कोण, हे सांगायची गरजच नव्हती.

रविवारी आई किराणा दुकानाबाहेर टेबल टाकून बसली. एकाने कार्डावर पेट्रोल मिळतं का विचारलं. एक आजोबा बराच वेळ गप्पा मारून तिचं पेन घेऊन गेले. एका बाईंनी कार्डाने वारा घेतला आणि परत ठेवलं. दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि डोकं उठलं.

तेवढ्यात एक किडकिडीत गृहस्थ आले. विटका शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तिचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं.

"किती उरलीत?"

"उरलीत कसली, आहेत तेवढी आहेत."

"सगळी द्या."

आईला वाटलं, हाही थट्टा करतोय. पण त्यांनी पिशवीतून चुरगळलेल्या लहान लहान नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"अहो, इतक्या कार्डांचं करणार काय तुम्ही?"

"मुलींनी खेळलं पाहिजे, असं आत्ता तुम्हीच म्हणालात ना?" ते हसून म्हणाले आणि गठ्ठा पिशवीत टाकून निघून गेले.

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी येऊन तिने नवऱ्याला ऐकवलं, "बघा, परक्या माणसाला कळतं. घरातल्यांना नाही." नवऱ्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

स्पर्धेच्या सकाळी बस उशिरा आली, एका मुलीचे मोजे हरवले, सर शिट्टी घरी विसरले. तरीही संघ वेळेवर पोचला. पलीकडची बाजू रिकामी होती. पंच घड्याळाकडे बघत उभे होते. चिमणी गोलखांबाला टेकून निवांत हसत होती आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच आईने खुर्चीला पाठ टेकली.

इतक्यात फाटकातून धुरळा उडवत एक टेम्पो आला. मागून नारिंगी बूट घातलेल्या मुली भराभर उतरल्या आणि थेट मैदानात धावत सुटल्या. पुढच्या सीटवरून ते किडकिडीत गृहस्थ उतरले. आईला पाहताच ते जवळजवळ पळतच आले.

"ताई, बरं झालं भेटलात! तुमचे आभार कुठे मानायचे तेच कळत नव्हतं. आमच्या मुली आजवर अनवाणी खेळल्या, आणि यंदा आयोजकांनी नियम काढला, बूट नसतील तर मैदानात पाय ठेवायचा नाही. आम्ही नाव मागे घेणारच होतो हो, तेवढ्यात तुमचं टेबल दिसलं."