हाताचं माप

"गेमिंगचा माउस हाताच्या मापानेच घ्यावा लागतो, काका," दुकानातली मुलगी म्हणाली.

त्यांनी खिशातून कागद काढून काउंटरवर उलगडला. त्यावर त्यांच्या लेकीचा हात पेन्सिलने आखलेला होता. "आणि माउसपॅड मोठं द्या. हात सारखा पॅडबाहेर जातो तिचा."

"नवीनच खेळायला लागलीय वाटतं?"

"छे गं! दोन स्पर्धा जिंकल्यात तिने. आता पुन्हा पहिल्यापासून शिकतेय."

कागदावर पट्टी ठेवता ठेवता मुलीला हसू आलं. "काका, घाईघाईत डावा हात आखून आणलात की! माउस उजव्या हातात धरतात."

ते कागदाच्या सुरकुत्या अंगठ्याने सपाट करत राहिले.



"तेवढा एकच राहिलाय, बाळा."