मधला खण
कंपनीच्या बसमधून चऱ्होली फाट्यावर उतरतानाच सयाजीने ठरवून टाकलं, आज सलोनीला तिचा फोन परत द्यायचा. कायमचा. पहिला दिवस सोडला तर एवढ्या महिन्यांत पोरीने ब्र काढला नव्हता. आता बापानेही जरा सैल सोडायला हरकत नव्हती.

फोनची ही शिस्त त्याने चाकणच्या कंपनीतूनच घरी आणली होती. तिथे शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायला बंदी. गेटवर खणांचं मोठं कपाट, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. आत जाताना फोन खणात ठेवायचा, बाहेर पडताना उचलायचा. आगीचं मॉक ड्रिल झालं की सिक्युरिटीवाला माणसं मोजत बसत नसे, कपाटाकडे बघायचा. खणात फोन, म्हणजे माणूस आत. सयाजीला हा हिशेब फार आवडायचा.

त्याच्याच लाइनवर काम करणाऱ्या दत्तोबाची मुलगी इन्स्टावर ओळख झालेल्या पोरासोबत निघून गेली, त्याच आठवड्यात सयाजीने टाकाऊ पॅलेटच्या फळ्या आणून घराच्या दाराशेजारी तीन खण ठोकले. दत्तोबा कँटीनमध्ये भरल्या ताटासमोर नुसता बसून राहायचा. त्याचा तो चेहरा सयाजीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आपलं माणूस असं हातातून जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

बारावीतल्या सलोनीने तेव्हा बरीच आदळआपट केली होती. "माझाच का? आई पण तर मावशीशी तासन्‌तास बोलते!"

"मग आईचाही खणात," सयाजी म्हणाला. "घरात एकच कायदा."

वर्षाली त्या वेळीही लातूरच्या बहिणीशीच बोलत होती. "ठेवते गं," म्हणून तिने फोन कट केला आणि मधल्या खणात ठेवला. मग हळूच म्हणाली, "अहो, दुपारी मी एकटीच असते. तेवढ्यापुरता तरी..."

"पोरगी काय शिकंल तुझ्याकडून?"

तिने पुन्हा विषय काढला नाही. बायको समजूतदार आहे, असं सयाजी चारचौघांत सांगायचा.

सलोनीचा फोन मात्र तो रोज चाळायचा. मिहिर नावाचा कुणी मुलगा नोट्स मागत होता, त्याला त्याने स्वतः ब्लॉक केलं. वर्षालीचा फोन त्याने कधी उघडलासुद्धा नाही. त्यात काय असणार?

आज जेवणाच्या सुट्टीत दत्तोबाने विचारलं होतं, "सयाजीराव, घरी लक्ष हाय ना? ओव्हरटाइमच्या नादात ऱ्हाल."

"भाऊ, काल उशिरा पोचलो. सगळी झोपलेली. पण दोन्ही फोन खणात. बघितलं अन् निवांत आडवा झालो."

"बरंय बाबा तुझं," दत्तोबा म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सयाजी हॉलमध्येच झोपायचा. पहाटेची बस, घरातल्यांची झोपमोड नको. कालही ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट घेऊन तो एकटाच जेवला. चपात्या कडेने करपलेल्या, आमटीत मिठाचा पत्ता नाही. वर्षालीला बोलायला हवं, असं त्याच्या मनात आलं, पण पहाटे तो आवाज न करता निघून गेला. दिवसा घरी फोन करायची सोयच नव्हती. उचलणार कोण?

आता दाराच्या लॅचला किल्ली लावून तो आत आला. पहिली नजर नेहमीसारखी खणांकडे. दोन्ही फोन जागेवर. खाली सलोनीच्या सँडल. त्याने सेफ्टी शूज काढले, आपला फोन तिसऱ्या खणात ठेवला आणि आवाज दिला, "चहा टाक गं."

उत्तर नाही. वर्षाली गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली असेल, म्हणून त्याने सलोनीचा फोन उचलला आणि तिच्या खोलीचं दार वाजवलं.

"सलोनी?"

आतून काही हालचाल नाही. त्याने पुन्हा वाजवलं. मग जोरात. सँडल आहेत, फोन आहे, मग बोलत का नाही? दत्तोबाचं ते भरलेलं ताट त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने खांद्याने दार ढकललं.

सलोनी टेबलाशी बसली होती. समोर पुस्तक उघडं. सयाजीचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्याला रडू येईल असं वाटलं.

"आवाज देतोय की गं कधीचा!" तो हसला. "हे घे. तुझा फोन. आता खणात ठेवायचा नाही. माझा विश्वास हाय तुझ्यावर."

तिने फोनकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. तिच्या बोटांवर भाजल्याचा ताजा डाग होता.

"हे काय लागलं?"

"चपात्या करताना."

"तू कशाला केल्यास? आई कुठाय? तिला म्हणावं चहा टाक. मला तिच्याशीही बोलायचंय, कालची आमटी..."

"कालची आमटी मीच केली होती."

सयाजीने तिचा फोन टेबलावर ठेवला.

"आई काल सकाळी गेली, पप्पा. तुम्ही कामावर गेल्यावर. बॅग घेऊन, मावशीकडे. परत येणार नाही म्हणाली."

"काल? आन् मला आत्ता सांगायलीस?"

"तुम्ही कधी विचारताय, त्याची वाट बघत होते."

तो वळला. उघड्या दारातून मधला खण दिसत होता. वर्षालीचा फोन होता तिथेच होता.

"मी म्हटलं तिला, फोन तरी घेऊन जा," सलोनी म्हणाली. "तर म्हणाली, राहू दे. खणात फोन दिसला की तुझे पप्पा माणूस शोधत नाहीत."